गुऱ्हाळाचे चौदा वर्ग

मला आवरायची खोड आहे. दुसऱ्याच्या घरी गेले तरी दारातल्या चपला जोडीनं लावून मगच आत जाते. आमच्या घरात मात्र माझं फारसं चालत नाही. नवऱ्याला पसारा हाताशी लागतो, आणि लेक शिकायला बाहेरगावी गेली असली तरी तिचं कपाट उघडायचं नाही असा हुकूम आहे. त्यामुळे गेली काही वर्षं मी माझी हौस इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशावर भागवते. कुणीही यावं आणि लेख लिहावा, कुणीही यावं आणि तो दुरुस्त करावा, असा हा कोश. हजारो माणसांनी मिळून उभा केलेला, त्यामुळे हजारो माणसांच्या सवयी त्यात. बाकीचे तिथे लिहितात. मी आवरते.

आवरते म्हणजे वर्ग आवरते. तिथल्या प्रत्येक लेखाच्या तळाशी तो कुठल्या वर्गात मोडतो हे लिहिलेलं असतं. ‘पुण्यातील उद्याने’ या वर्गावर बोट ठेवलं की पुण्यातल्या सगळ्या उद्यानांचे लेख एका यादीत समोर येतात. कल्पना चांगली आहे. पण वर्ग करायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून ज्याला जसं सुचेल तसा तो करतो. मी कामाला लागले तेव्हा तिथे ‘पुण्यातील इमारती’, ‘पुणे शहरातील इमारती’, ‘पुण्यातील वास्तू’ आणि ‘पुण्यातील जुन्या वास्तू व इमारती’ असे चार वर्ग सुखानं नांदत होते. एक वर्ग ‘इतर’ नावाचा होता आणि त्याच्या पोटात दुसरा, ‘इतर काही’. एका महाभागानं तर ‘नद्या’ हा वर्ग ‘जलाशय’मध्ये घातला होता आणि ‘जलाशय’ हा ‘नद्या’मध्ये. त्यात शिरलेला वाचक अजून फिरत असेल.

वारज्याहून हिंजवडीला जाणारी आमची कंपनीची बस सकाळी साडेसातला कोपऱ्यावर येते. तिथून ऑफिसपर्यंतचा वेळ सांगण्यात अर्थ नाही, कारण तो कुणालाच ठाऊक नसतो. बसमध्ये बाकीचे झोपतात, मी मांडीवर लॅपटॉप घेऊन वर्ग एकत्र करते. नोकरीत मला दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार मिळतो. इथे तेच काम फुकट करते, आणि खरं सांगायचं तर जास्त मन लावून करते. हळूहळू लोकांनी विश्वासानं मला वर्ग काढून टाकायचे अधिकारही दिले. नवरा म्हणाला, “चला, आता घराबाहेरही तुझंच राज्य.”

आमचा एक नियम होता. ज्या वर्गात पाचापेक्षा कमी लेख असतील तो जवळच्या मोठ्या वर्गात मिसळून टाकायचा. पण थेट नाही. आधी वर्गाच्या पानावर सूचना लावायची, सात दिवस थांबायचं, कुणी हरकत घेतली नाही तर मग पुढे जायचं. त्या सूचनेचा मजकूर माझाच. ‘या वर्गावर चर्चा सुरू आहे. आपले मत चर्चा पानावर जरूर नोंदवावे.’ आधीचा मजकूर होता ‘हा वर्ग काढून टाकण्यात येणार आहे’, तो मला फार उद्धट वाटला होता. नव्या मजकुराचा मला अभिमान होता.

असंच एकदा बस पुलाखाली अडकलेली असताना मला गुऱ्हाळाचे वर्ग दिसले. चौदा होते. ‘गुऱ्हाळ १ मोळी टाकणे’, ‘गुऱ्हाळ २ रस गाळणे’, असे आकडे घालून. पाचांत एकेक लेख होता आणि नऊ वर्ग रिकामे होते. सातव्याचं नाव होतं ‘गुऱ्हाळ ७ बुडबुडा बैलाच्या डोळ्याएवढा होणे’. मी बसमध्ये एकटीच मोठ्यानं हसले. ज्ञानकोशाच्या वर्गाला असं नाव मी जन्मात पाहिलं नव्हतं. जे पाच लेख होते त्यांत एकही पूर्णविराम नव्हता. वाक्य सुरू व्हायचं आणि लेख संपला की संपायचं. पण त्यात गूळ होत असतानाचे जे तपशील होते ते मी कुठेच वाचले नव्हते. रानभेंडीचं चिकट पाणी उकळत्या रसात घातलं की रसातली घाण, म्हणजे मळी, कशी वर येते, ती कुठल्या बाजूनं ओढायची, हे वाचताना मी हिंजवडीचा फाटा कधी आला ते विसरले. लेख छान आहेत, असं मला वाटलं. हे मी त्या लिहिणाऱ्याला कळवलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. मी नुसती चौदा पानांवर सूचना लावली.

सात दिवसांत कुणीच काही बोललं नाही. आठव्या दिवशी मी पाचही लेख ‘गूळ उत्पादन’ या एका वर्गात घातले आणि ते चौदा वर्ग काढून टाकले. बस अजून बावधनलाही पोचली नव्हती. स्वच्छ केलेल्या ओट्याकडे बघताना वाटतं तसं बरं वाटलं.

महिनाभरानं माझ्या पानावर एक निरोप आला. ‘ताई आमच्या वर्गावर चर्चा चालू होती तिचं काय ठरलं ते कळवावं आम्ही दोघं वाट बघतोय आणि वर्ग कुठं दिसत नाहीत ते पण सांगावं’. पूर्णविराम नव्हता, म्हणून कुणाचा निरोप ते लगेच कळलं. मी उत्तर दिलं, ‘नमस्कार. सात दिवसांच्या मुदतीत हरकत न आल्याने सदर वर्ग विलीन करण्यात आले आहेत. कृपया धोरण पाहावे.’ नवऱ्यानं मागून डोकावून वाचलं आणि विचारलं, “हे उत्तर आहे की वीज तोडल्याची नोटीस?” मी त्याला चहा करायला पाठवलं.

दोन दिवसांनी पुन्हा निरोप. ‘मुदत होती हे समजलं नाही आम्हाला वाटलं चर्चा चालू आहे म्हणजे चांगलं आहे’.

हे वाचून मला पहिल्यांदा राग आला, कारण चूक दाखवली गेली की मला आधी रागच येतो. मग मी माझाच तो मजकूर पुन्हा वाचला. जरूर नोंदवावे. कुठल्या शब्दात होतं, की नाही नोंदवलं तर तुमचं काढून टाकू? पुसण्याच्या आधीची ती धमकी होती आणि मी तिला अत्तर लावलं होतं. त्या कोशावर एकमेकांना खासगी पत्र पाठवायची सोय आहे. मी माझा नंबर पाठवला आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन आला.

ते पुण्याच्या पूर्वेकडच्या मांजरी गावचे होते. सत्तरीच्या पुढचे, आवाज खणखणीत. टाइप करता येत नाही म्हणून मोबाइलला बोलून लिहायचे, हेही तेव्हाच कळलं. त्यांच्या रानात त्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. आता त्या रानावर इमारती झाल्यात आणि त्यांतल्याच एकीत चौथ्या मजल्यावर ते राहतात, मुलगा, सून आणि थोरल्या भावाबरोबर.

“समद्या बिल्डिंगीत सांगितलं मी,” ते म्हणाले, “आमच्या गुऱ्हाळावर पुण्यात चर्चा चालू हाय म्हणून. दादाला पेढा दिला.”

“मग तुम्ही चर्चेत काही लिहिलं का नाहीत?” मी विचारलं.

“आवो ताई, चर्चा आमचीच. तिथं आमीच कसं बोलायचं? बरं दिसतं का ते? चार मानसं बोलत्यात, आपण गप ऱ्हायचं. काय ठरलं ते सांगत्यातच की मागनं.”

लग्नाच्या बैठकीत मुलीचा बाप जसा पाहुण्यांचं बोलणं होईपर्यंत कडेला बसून राहतो, तसे हे सात दिवस बसून राहिले होते. आणि बैठकीला कुणी आलंच नव्हतं.

मी माफी मागितली. म्हटलं, लेख एकही गेलेला नाही, पाचही जागेवर आहेत, फक्त वर्ग एकच केलाय. त्यांनी ऐकून घेतलं आणि सावकाश सांगितलं की लेखांचं काही नाही. लेख परत बोलता येतील. ती चौदा नावं दादानं सांगितली होती.

दादा म्हणजे थोरला भाऊ, तो गुळव्या. रस किती उकळायचा आणि पाक कधी झाला हे ज्याला कळतं तो गुळव्या, अख्खं गुऱ्हाळ त्याच्या शब्दावर चालतं. धाकटा जाळव्या. रस उकळायची मोठी कढई म्हणजे काहील, तिच्याखालच्या भट्टीत वाळलेली चिपाडं सारायचं त्याचं काम. भट्टीचं तोंड मागच्या बाजूला, खाली. जाळव्याला काहिलीत काय चाललंय ते दिसतच नाही.

“तीस वरसं आमी एका गुऱ्हाळावर. त्यो वर, मी खाली,” ते म्हणाले. “मला जाळाचं ठावं हाय. वरचं समदं त्याच्याजवळ.”

दोन वर्षांपूर्वी थोरल्या भावाला विसरायला होऊ लागलं. आधी वस्तू, मग दिवस, मग माणसं. त्यातल्याच एका चांगल्या दुपारी त्यानं गुळाचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीनं सांगितलं आणि धाकट्यानं मोबाइल पुढे धरला. चौदा कामं, चौदा वर्ग. कागदावर का नाही लिहिलं, असं मी विचारलं. कागद घर बदलताना रद्दीत जातो, ते म्हणाले, तुमच्याकडे राहील असं वाटलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते भावापुढे बसून ती चौदा नावं वाचायचे. बहुतेक दिवस काही व्हायचं नाही. एखाद्या दिवशी मध्येच कुठल्यातरी नावाला थोरला बोलू लागायचा, आणि मग त्याचा एक लेख व्हायचा.

“लेख जाऊ द्या, ताई,” धाकटे म्हणाले. “बोलाय लागला की वळखतो मला. न्हाईतर पाव्हणं म्हनतो. दोन वेळा जेवायला घालतो मी त्याला, तर म्हनतो, पाव्हणं, तुमाला लई तरास.”

वर्ग गेल्यापासून त्यांनी आठवेल तसं म्हणून बघितलं होतं. पण त्यांना येत होतं फक्त खालचं. वरच्या कामांचा क्रम चुकला की थोरला अस्वस्थ व्हायचा, तोंड फिरवायचा. महिन्याभरात त्यानं त्यांना एकदाही ओळखलं नव्हतं.

मी ऑफिसच्या कँटीनमध्ये उभी होते. हातातल्या डब्यातली भाजी तशीच राहिली. मला माझी भयंकर लाज वाटली, आणि ती लाज नियम बरोबर होता म्हणून कमी होईना.

संध्याकाळच्या बसमध्ये मी काढून टाकलेल्या गोष्टींची नोंद उघडली. कोशावरून काहीही काढलं तरी काय, कुणी आणि कधी काढलं, याची ओळ मागे राहते. चौदा ओळी होत्या आणि चौदाही ओळींत काढणारी म्हणून मी. नावं त्यांच्या आकड्यांसकट शाबूत होती. मी ती एकेक करून उतरवून घेतली. क्रम बिघडू नये म्हणून तीनदा ताडून पाहिली, एवढी काळजी मी पगाराच्या कामातही घेत नाही.

वर्ग परत आणता आले असते, पण ते पुन्हा कुणीतरी काढले असते आणि त्यानं बरोबरच केलं असतं. शेजारी झोपलेल्या बाईंची मान माझ्या खांद्यावर आणि मी विचार करत बसलेली. इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं की वर्ग क्रम सांभाळत नाही. तो सगळ्यांना अकारविल्हे उभं करतो. कुणाच्या आधी कोण आणि कुणाच्या नंतर काय, हे ज्यात महत्त्वाचं आहे त्याला वर्ग नकोच असतो, त्याला एक साधं पान हवं असतं. त्या गृहस्थांना मोबाइलला बोलून ओळीखाली ओळ अशी यादी करता येत नव्हती, वर्ग करता येत होता, म्हणून त्यांनी चौदा वर्ग केले. आणि मी ते मोजले, वाचले नाहीत.

वारज्याच्या पुलावर बस येईपर्यंत मी पान तयार केलं. ‘गुऱ्हाळातील कामांचा क्रम’. खाली चौदा ओळी, दादांच्या शब्दांत, बैलाच्या डोळ्यासकट. त्या पाच लेखांना तिथून वाट काढून दिली. तळाशी वर्ग एकच, ‘गूळ उत्पादन’. मी धाकट्यांना फोन केला. ते म्हणाले, “आता तुमीच येऊन वाचा. मी वाचून त्यो कटाळला असंल.”

रविवारी मी गाडीवरून मांजरीला गेले. वारजं एका टोकाला, मांजरी दुसऱ्या टोकाला, मधे सगळं पुणं. त्यांच्या गॅलरीतून दोन उंच इमारतींच्या फटीत उसाचा एक तुकडा अजून दिसत होता. सूनबाईंनी चहा टाकला. थोरले कॉटवर बसले होते, अंगात बंडी, मनगटं अजून रुंद. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली आणि धाकट्यांना म्हणाले, “पाव्हणं, बाईस्नी पानी द्या.” धाकटे निमूट आत गेले. फोनवर ऐकलेलं होतं तरी मला ते समोर ऐकवेना.

मी वाचायला लागले. मोळी टाकणे. रस गाळणे. काहील भरणे. प्रत्येक नावानंतर थांबायचं असं धाकट्यांनी सांगितलं होतं, म्हणून थांबत होते. थोरले गॅलरीकडे बघत होते. चौथं, पाचवं. सहावं होतं मळी वर येणे. ते वाचलं तसे ते माझ्याकडे वळून जरा रागानं म्हणाले, “भेंडी घातल्याबिगर?”

भेंडीचं पाणी घालायचं त्या चांगल्या दुपारी दादांकडून सांगायचं राहिलं होतं. धाकट्यांच्या लेखात ते होतं, पण क्रमात नव्हतं. मी लगेच ओळ वाढवली आणि पुन्हा वाचलं. भेंडीचं पाणी घालणे. मळी वर येणे. त्यांनी मान डोलावली. बुडबुड्याशी आले तेव्हा त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून मला माप दाखवलं, आणि मी दाखवलं ते त्यांना पसंत पडेना, तेव्हा माझी बोटं धरून नीट करून दिली. मग बुडबुडे बारीक होणे. मग पाक पाण्यात टाकून बघणे. त्यावर ते कितीतरी वेळ बोलले, मी भराभर टिपत गेले. धाकटे चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. आत यायलाही तयार नव्हते, दादा मध्येच थांबेल म्हणून.

पुढची ओळ होती ‘जाळव्याला हाक मारणे’.

मी ती वाचली. थोरले कॉटच्या कडेला सरकले. खाली फरशीकडे वाकून बघत त्यांनी एकदम मोठ्यानं हाक दिली, “धाकल्या, वढ जाळ. झाला पाक.”

धाकट्यांनी कप होते तिथेच खाली ठेवले. कॉटपाशी येऊन ते उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी भट्टीतला जाळ ओढावा तसे हात मागे घेतले. “वढला, दादा,” ते म्हणाले.

थोरल्यांनी हात खाली सोडून त्यांच्या डोक्यावर ठेवला. “लई तापलायस. पानी पी जा.”

धाकट्यांना रडू आवरलं नाही. मलाही नाही, आणि लपवायचं काही कारणही नव्हतं. सूनबाई पाणी घेऊन आल्या, तर थोरल्यांनी ते आधी धाकट्यांना पाजायला लावलं. ते पाच-सात मिनिटं टिकलं असेल. मग त्यांनी गॅलरीकडे तोंड केलं आणि डोळे मिटून घेतले.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी सूचनेचा मजकूर बदलला. आता त्यात स्पष्ट लिहिलंय की हा वर्ग काढायचा विचार आहे, आणि तो तुम्ही केला असेल तर सगळ्यात आधी तुम्हीच बोला. नवऱ्यानं वाचलं आणि तो आपणहून चहा करायला गेला, आमच्या घरात ही पसंती समजतात. आवरणं मी सोडलेलं नाही. ‘इतर काही’ मी काढलाच, आणि त्याबद्दल मला तिळमात्र वाईट वाटत नाही.

मांजरीला मात्र जमेल त्या रविवारी जाते. लेख आता नऊ झालेत. दुसऱ्या रविवारी हाकेपर्यंत पोचलो होतो, तिसऱ्या रविवारी नाही. त्या दिवशी मी मोळीपासून ढेपेपर्यंत सगळ्या पंधरा ओळी वाचल्या, प्रत्येक ओळीला थांबले, आणि थोरले शांतपणे ऐकत राहिले. शेवटी ते धाकट्यांकडे वळले. “पाव्हणं,” ते म्हणाले, “बाई झ्याक वाचत्यात. कोनाच्या हायेत?”

मी मोबाइल बंद केला. धाकट्यांकडे बघायचा धीर होईना. म्हटलं, “आज नाही जमलं.”

त्यांनी भावाच्या अंगावरची चादर सारखी केली आणि माझ्यासमोर खाली बसले.

“असू द्या, ताई,” ते म्हणाले. “पयल्यापासनं वाचा.”